कुंपणाच्या आधी हत्यारं

"त्याच्या पकडीच्या एका दांड्याला चिकटपट्टी गुंडाळलेली होती," साहेब म्हणाले. "आणि करवतीची मूठ चिंध्यांनी बांधलेली. परत पाठवला मी त्याला."

काकू खताचं पोतं आणायला गेल्या होत्या. जाऊन येऊन वीस मिनिटं. तेवढ्यात कुंपणवाला आला होता, साहेबांनी त्याची हत्यारं मागच्या पायरीवर मांडून एकेक उजेडात धरून पाहिली होती, आणि त्याला नापास करून घरी पाठवून दिलं होतं. हा माणूस मिळावा म्हणून काकूंनी आदल्या दिवशी अकरा फोन केले होते. त्यांनी पोतं तिथेच टाकलं आणि बारावा केला. कुंपणवाला सज्जन होता, रागावला नव्हता. पण परतताना वाटेतच त्याला दुसरं काम मिळालं होतं आणि आता तो पुढच्या मंगळवारपर्यंत मोकळा नव्हता.

"अहो, पुढच्या सोमवारी इस्पितळाच्या बागेच्या त्या बाई रोपं बघायला येणार आहेत," काकू म्हणाल्या. "मंगळवारी कुंपण घालून मी त्याचं काय करू?"

"मंगळवार कशाला? मी करतो की," साहेब म्हणाले. "काम काही अवघड नाही. फक्त हत्यारं नीट निवडायला हवीत."

'निवडायला' हा शब्द ऐकला आणि काकू तिथेच पोत्यावर बसल्या.

साहेबांनी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत एकतीस वर्षं भांडार सांभाळलं होतं. नळाची चकती असो की टाकीचं झाकण, तीन नमुने मागवल्याशिवाय, तिन्हींची सारख्या परिस्थितीत चाचणी घेतल्याशिवाय आणि निकालाचा तक्ता केल्याशिवाय त्या भांडारात काही आलं नाही. निवृत्त होऊन आठ महिने झाले होते, पण गल्ली त्यांना अजून साहेबच म्हणत होती आणि त्यांच्या अंगातलं भांडारही काही निवृत्त झालेलं नव्हतं. मध्यंतरी घरात केरसुणी घ्यायला सतरा दिवस लागले. त्या सतरा दिवसांत तिन्ही नमुन्यांची रोज एकेका खोलीत चाचणी झाल्यामुळे घर आरशासारखं लख्ख राहिलं, तेवढं मात्र काकूंना मान्य होतं. पण केरसुणी वेगळी आणि हे वेगळं.

हे म्हणजे काय, तर रविवारी सकाळी वारा सुटला आणि परसातल्या झाडाची एक फांदी मधोमध मोडली. तिचा शेंडा मागच्या तारेच्या कुंपणावर पडला. दोन खांब वाकले, तारा लोळल्या आणि दहा पावलांचं खिंडार पडलं. फांदीचा उरलेला भाग सालीच्या आधारानं झाडालाच लोंबत राहिला, आणि तो नेमका काकूंच्या हिरव्या जाळीच्या वर. त्या जाळीखाली पिशव्यांमधून उभी होती तीनशे एकसष्ट रोपं.

नव्यानं होत असलेल्या एका इस्पितळाच्या बागेला साडेतीनशे रोपं हवी होती. काकूंनी आजवर दोन-चार रोपं इकडेतिकडे दिली होती, शेजारणींना, भाचीला. एवढं मोठं काम त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि तेही कुणाच्या ओळखीनं नाही, स्वतः जाऊन, स्वतः बोलून. तीन महिने त्या बिया भिजवत होत्या, काड्या रोवत होत्या, सकाळी उठल्यावर चहाच्या आधी जाळीखाली डोकावत होत्या. बागेच्या मुख्य बाई पुढच्या सोमवारी येणार, रोपं बघणार, पसंत पडली तर नेणार. साडेतीनशेच्या खाली एक जरी भरलं तरी नेणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

आणि खिंडारापलीकडे, गल्लीच्या दुसऱ्या बाजूला, शिंपीकाकांची शेळी होती.

शिंपीकाका एकटेच राहत. शिलाईचं यंत्र आणि शेळी एवढाच त्यांचा संसार. शेळीला बांधून ठेवलं तर ती रुसते, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वभावानं ती अगदी गरीब आहे, असंही ते सांगायचे. ही गरीब शेळी रविवार दुपारपासून खिंडाराच्या तोंडाशी बसून जाळीकडे एकटक बघत होती.

"एक फांदी तोडायची, दोन खांब सरळ करायचे, तार ओढायची," काकूंनी बोटांवर मोजून दाखवलं. "एवढंच. निवडायचं काही नाही त्यात."

"तार कापायची कशानं? फांदी कशानं? खड्डे कशानं?" साहेबांनीही बोटं मोजली आणि सायकल काढली.

हत्यारांच्या दुकानदाराचं आणि साहेबांचं जुनं नातं होतं. याच दुकानदारानं एकदा कचेरीला झाऱ्या पुरवायच्या म्हणून कागद भरले होते, आणि सही हिरव्या शाईत केली म्हणून साहेबांनी ते परत पाठवले होते. त्यामुळे दुकानदार साहेबांना बघून काउंटरच्या आत दडेल असं कुणालाही वाटलं असतं. उलट त्यानं खुर्ची पुढे केली. प्रत्येक हत्याराचे तीन-तीन प्रकार काढून दिले आणि म्हणाला, घरी न्या, निवांत वापरून बघा, जे पसंत पडेल ते ठेवा आणि बाकीची परत करा. वर हातगाडीही दिली.

त्याच दिवशी, सोमवारी संध्याकाळी, हातगाडी दारात आली. तार कापायच्या तीन कात्र्या, तीन करवती, खड्डे घ्यायची तीन हत्यारं, तार ताणायची तीन यंत्रं, दोन शिड्या आणि दुकानात तिसरी नव्हती म्हणून साहेबांच्या चेहऱ्यावर थोडी खंत. काकूंनी आत जाऊन दुकानदाराला फोन लावला आणि त्याला विचारलं, की बाबा, हे तू काय केलंस.

"काकू," दुकानदार शांतपणे म्हणाला, "त्यांनी माझ्या झाऱ्या सात महिने तपासल्या होत्या. मी तर एकच आठवडा दिलाय."

मंगळवारी तारेच्या कात्र्यांची चाचणी झाली. साहेबांनी वही आखली, चष्मा पुसला आणि परसात उतरले. खिंडारात लोळलेली तार कापून बघा की, असं काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या. पण ती तार पिळवटलेली होती. पिळवटलेल्या तारेवर घेतलेला निकाल ग्राह्य धरता येत नाही, असं साहेबांनी त्यांना समजावून सांगितलं. तार सरळ हवी, ताणलेली हवी आणि तिन्ही कात्र्यांना सारख्याच वयाची मिळायला हवी. अशी तार त्या परसात एकाच ठिकाणी होती, ती म्हणजे कुंपणाच्या धडधाकट भागात.

काकू भाकऱ्यांचं पीठ मळत होत्या, त्यांना बाहेरून 'टण्ण' असा आवाज आला. मग दुसरा. तिसऱ्या आवाजाला त्या पिठाच्या हातानं बाहेर आल्या. प्रत्येक कात्रीला तीन संधी याप्रमाणे नऊ ठिकाणी तार तोडायची होती आणि साहेबांची पाचवी चालली होती. ते कुंपण मुळात जुनं. खांब तारांना धरून उभे होते की तारा खांबांना, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सातव्या तुकड्याला ते कळलं. एक खांब हळूच कलला, त्यानं शेजारच्याला ओढलं, आणि चौदाच्या चौदा खांब ओळीनं आडवे झाले.

"दोन नंबरची कात्री उत्तम," साहेब वहीत लिहीत म्हणाले.

काकू त्याला उत्तर देणार होत्या, पण त्यांचं लक्ष जाळीकडे गेलं. शेळीला आता खिंडारात पडलेल्या शेंड्यातून वाट शोधायची गरज उरली नव्हती. ती सावकाश चालत आत आली होती आणि पहिल्या रांगेशी उभी राहून नीट चावून खात होती. काकू पिठाचे हात घेऊन धावल्या. शिंपीकाकाही धावत आले आणि शेळीला ओरडू नका, ती घाबरते, दोन-तीन दिवस आतच ठेवतो, असं म्हणत तिला घेऊन गेले. काकूंनी रोपं मोजली. नऊ गेली होती. तीनशे बावन्न उरली होती.

"अहो, दोनच वर आहेत आता. दोन," त्या म्हणाल्या.

साहेबांनाही वाईट वाटलं. वाईट वाटलं की ते काम अधिक नेटानं करायचे. एकतीस वर्षांत कचेरीतला एकही माणूस त्यांना वाईट वाटेल असं का बोलत नव्हता, ते काकूंना त्या दिवशी कळलं.

बुधवारी करवती निघाल्या. काकूंनी सकाळीच पदर खोचून सांगितलं, की कुंपणाचं व्हायचं ते झालं, आज निदान ती लोंबती फांदी तेवढी उतरवा, ती डोक्यावर टांगलेली बघून माझा जीव थाऱ्यावर नाही. साहेब शिडीवर चढले. काकूंना बरं वाटलं. साहेब त्या फांदीजवळून पुढे गेले आणि काकूंचं बरं वाटणं संपलं.

"अहो, ती मागे राहिली."

"ती चालणार नाही," वरून आवाज आला. "ती आधीच पिचली आहे. तिच्यावर जी करवत लावू तिला आयते गुण मिळतील."

"कुणाला गुण द्यायचेत? फांदी पाडायची आहे."

"चाचणी म्हणजे चाचणी," साहेब म्हणाले. "मनगटाएवढ्या जाडीची, निरोगी फांदी हवी. अशा सहा आहेत. प्रत्येक करवतीला दोन."

काकू घड्याळाकडे बघत खाली उभ्या राहिल्या, कारण वेळ मोजायचं काम साहेबांनी त्यांच्यावर सोपवलं होतं आणि शिडीही त्यांनाच धरायची होती. एक हात शिडीला आणि डोळे घड्याळाला, अशा अवस्थेत माणसाला भांडता येत नाही. पहिल्या पाच फांद्या गल्लीच्या बाजूला पडल्या. सहावी, तीन नंबरच्या करवतीची दुसरी, फिरली आणि सरळ जाळीवर आली. जाळी मधोमध फाटली, तिचे बांबू मोडले आणि एक रोप चिरडलं गेलं. तीनशे एक्कावन्न.

साहेब उतरले तेव्हा झाडाकडे बघवत नव्हतं. सहाही निरोगी फांद्या गेल्या होत्या. झाडाला आता एकच फांदी होती, मोडकी, आणि ती आपल्या जागी लोंबत होती. जिथे तीन महिने सावली होती तिथे लख्ख ऊन पडलं होतं आणि रोपं त्या उन्हात माना टाकून उभी होती.

काकूंनी घरातल्या चादरी काढल्या आणि दोऱ्या बांधून रोपांवर ताणल्या. पण कुंपण नाही, फांद्या नाहीत, त्यामुळे वारा मोकाट झाला होता. चादरी कशाबशा दुपारी बारा ते तीन टिकायच्या, मग एकेक करून सुटायच्या आणि शिंपीकाकांच्या दारात जाऊन पडायच्या. शिंपीकाका त्या घडी घालून आणून द्यायचे. एका चादरीची उसवलेली कड त्यांनी न सांगता शिवूनही दिली. माणूस खरोखर भला होता, म्हणून काकूंना त्यांच्यावर रागावताही येत नव्हतं.

गुरुवारी खड्डे. खांब चौदाही पडल्यामुळे आता खड्ड्यांची चाचणी फारच गरजेची झाली आहे, असं साहेबांचं म्हणणं पडलं, आणि यात काकूंना खोट काढता येईना. पहार होती, दोन पात्यांचं लांब दांड्याचं फावडं होतं आणि मातीत गोल गोल फिरवायचं भलंमोठं गिरमिट होतं. साहेबांनी परसाचे चुना टाकून भाग पाडले. पहार दमली नाही, साहेब दमले. फावड्यानं वेळ घेतला. गिरमिट मात्र लोण्यात शिरावं तसं शिरलं, साहेबांचा चेहरा फुलला आणि त्यांनी "बघ" असं म्हणून काकूंना हाक मारली. काकू येऊन पोहोचायला आणि खड्ड्यातून कमरेएवढं कारंजं उडायला एकच गाठ पडली.

पाण्याचा नळ नेमका कुठून गेला आहे हे त्या घरात एकाच माणसाला माहीत असायला हवं होतं. एकतीस वर्षं पाणीपुरवठ्यात होता तो.

"मी भांडारात होतो," साहेब ओल्या चष्म्यानं म्हणाले. "नळ टाकणारं खातं वेगळं."

मुख्य तोटी बंद करावी लागली. नळ दुरुस्त करणारा सोमवारी दुपारशिवाय येईना. एक रोप पाण्याच्या लोंढ्यात पिशवीसकट खड्ड्यात गेलं, ते हाताशी आलं तेव्हा त्याला मूळ उरलं नव्हतं. काकूंनी पुन्हा मोजली, उलट बाजूनं मोजली, रांगा बदलून मोजली. बरोबर साडेतीनशे. आता एकही पान कुणी खाल्लेलं चालणार नव्हतं. पाणी शिंपीकाकांकडून कळशीनं आणायचं, आणि दोन माणसांची भांडीकुंडी, अंघोळी सांभाळून जे उरेल ते रोपांना. सकाळी एकेक पेला, संध्याकाळी तोही अर्धा. काकू पेला घेऊन रांगेतून फिरायच्या आणि मनातल्या मनात प्रत्येक रोपाची माफी मागायच्या.

शुक्रवारी साहेब आत बसून तक्ता करत होते. तारा ताणायच्या यंत्रांची चाचणी घेता आली नाही, कारण ताणायला तारच उरली नव्हती, ही गोष्ट त्यांनी तळटीपेत प्रामाणिकपणे नोंदवली. शनिवारी सकाळी ते परसात आले. सहा मोठे कागद एकाला एक चिकटवलेले होते, वर लाल शाईत मथळा होता.

"झाली निवड," ते म्हणाले. "दोन नंबरची कात्री, एक नंबरची करवत, गिरमिट. सोमवारी दुकान उघडलं की पक्कं सांगून टाकतो. मग बघ, मंगळवारपासून कसं झरझर काम होतं ते."

काकूंच्या हातात पेला होता. तो त्यांनी खाली ठेवला.

"एकतीस वर्षं तुमच्या कामात मी कधी बोट घातलं नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढवायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि तो चढला नाही. "तुम्ही उशिरा आलात, मी जेवण गरम केलं. तुम्ही घरी कागद आणलेत, मी टेबल रिकामं केलं. हे माझं पहिलं काम आहे हो. एक फांदी आणि दोन खांब, एवढंच मागितलं होतं मी. तुम्ही कुंपण पाडलंत, सावली तोडलीत, पाणी बंद केलंत, आणि मला नंबर सांगताय."

एवढं बोलून त्यांनी कपडे वाळत घालायची दोरी सोडली. तिचा एक पदर लोंबत्या फांदीवरून टाकला, रोपांपासून दूर, गल्लीच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि एक हिसका दिला. साल फाटली. फांदी झुलत बाहेर आली आणि आडव्या पडलेल्या खांबांवर जाऊन विसावली. एकाही रोपाचं पान हललं नाही.

साहेबांनी जवळ जाऊन ती दोरी उचलून पाहिली.

"दोरी यादीत नव्हती," ते हळूच म्हणाले. मग काकूंचा चेहरा बघून त्यांनी तक्त्याची घडी घातली. "मी काय करू, सांग."

"तिथे बसा," काकू म्हणाल्या. "खुर्ची घेऊन. कुंपण होतं तिथे. शेळी आत आली नाही पाहिजे."

साहेबांनी खुर्ची नेली. शनिवारभर ते उन्हात टोपी घालून बसले. शेळी चार वेळा आली आणि चारही वेळा त्यांनी तिला उठून परत पिटाळलं. काकूंनी जेवणाचं ताट खुर्चीवर नेऊन दिलं. साहेब शेळीकडे तोंड करून जेवले.

रविवारी दुपारी काकू भांडी घासत होत्या. खिडकीतून साहेब दिसत होते. शेळीनं एव्हाना त्यांचा अभ्यास केला होता. माणूस उठायला डावा गुडघा धरतो आणि त्याला वेळ लागतो, हे तिच्या लक्षात आलं असावं. ती डावीकडून आली, साहेब गुडघा धरून उठेपर्यंत उजवीकडे वळली आणि पहिल्या रांगेपासून दोन हातांवर पोहोचली. काकूंच्या हातातलं भांडं पडलं. त्या दारापर्यंत धावल्या, पण दार ते रोपं हे अंतर शेळीचं तोंड ते रोपं यापेक्षा बरंच लांब होतं, हे त्यांना दिसत होतं.

साहेबांनाही ते दिसलं. त्यांच्या हातात काठी नव्हती, काही नव्हतं. खिशात फक्त तक्ता होता. त्यांनी तो काढला, झटकून सहाच्या सहा कागद उलगडले आणि शेळीच्या तोंडासमोर धरले. शेळी थबकली. तिनं लाल शाईचा मथळा हुंगला आणि एक घास घेतला. साहेब एक पाऊल मागे सरले. तिनं करवतींचा निकाल खाल्ला. साहेब मागे मागे जात राहिले, ती खात खात त्यांच्यामागून चालत राहिली, आणि अशी ती दोघं परसातून बाहेर पडली, गल्ली ओलांडून शिंपीकाकांच्या दारात गेली. तळटीप तिनं तिथे संपवली.

साहेब परत येऊन खुर्चीवर बसले. काकूंनी त्यांना चहा नेऊन दिला, आणि आत यायच्या ऐवजी तिथेच आडव्या खांबावर बसल्या. त्यांचा राग गेला होता. कुठे गेला ते त्यांनाही सांगता आलं नसतं, पण नवऱ्याकडे बघून त्यांना आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं, आणि तसं त्यांनी त्याला सांगितलं.

सोमवारी दहा वाजता बागेच्या मुख्य बाई आल्या. सोबत छोटा टेम्पो होता. काकूंनी पुढचं दार उघडून ठेवलं होतं, पण बाई मागच्या गल्लीनं आल्या आणि कुंपण नसल्यामुळे टेम्पो सरळ रोपांशी येऊन थांबला. बाई उतरल्या. त्यांनी बुंधा उरलेलं झाड पाहिलं, परसातले खड्डे पाहिले, खुर्चीत बसलेला टोपीवाला माणूस पाहिला. सगळं सांगून टाकावं, आधी फांदी मोडली, मग कुंपणवाला आला, असं त्यांनी मनाशी जुळवलं होतं. पण बाई खाली बसून रोपं बघत होत्या. खोड चिमटीत धरून वाकवत होत्या, पानं चोळत होत्या.

"ऊन कधीपासून देताय यांना?" त्यांनी विचारलं.

"बुधवारपासून," काकू कशाबशा म्हणाल्या.

"आणि पाणी?"

"कमी झालंय. सकाळी पेलाभर, संध्याकाळी अर्धा. दुपारी थोडा वेळ चादरी घालत होते, पण वाऱ्यानं…"

बाई उभ्या राहिल्या. त्या सांगू लागल्या, की महिनाभर त्या रोपांसाठी वणवण फिरताहेत. जिथे जावं तिथे सावलीत वाढवलेली, पाण्यानं लाडावलेली रोपं. उघड्यावर लावली की तिसऱ्या दिवशी आडवी. लावण्याआधी आठवडाभर रोपाला ऊन दाखवावं, वारा लागू द्यावा, पाणी तोडावं, हे प्रत्येकाला माहीत असतं, पण करत कुणी नाही, कारण कुणाची छाती होत नाही. "तुम्ही सावलीचं झाडसुद्धा छाटून काढलंत," बाई म्हणाल्या. "एवढं करणारं मी अजून कुणी पाहिलं नाही."

काकूंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब टोपी नीट करत होते. आता हा माणूस श्रेय घेणार, अशी काकूंची खात्री झाली.

"सगळं तिनं केलं," साहेब म्हणाले. "मी नुसता बसलोय."

साडेतीनशे रोपं मोजून टेम्पोत चढली. दुसरीकडे रोपं घरातून, जिन्यावरून, हातानं आणावी लागतात आणि निम्मी तिथेच मोडतात, इथे गाडी थेट आत येते हे फार सोयीचं आहे, असं बाई जाता जाता म्हणाल्या. आता दर महिन्याला पाचशे रोपं हवीत, अशाच पद्धतीनं वाढवलेली, आणि गाडी याच बाजूनं येईल. टेम्पो गल्लीच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत काकू हात हलवत राहिल्या. त्यांना हसूही येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं, आणि दोन्ही लपवायची त्यांना इच्छा नव्हती.

"म्हणजे इथे कुंपण घालता येणार नाही," साहेब विचार करत म्हणाले. "गाडी यायची म्हणजे फाटक हवं." त्यांच्या डोळ्यांत हळूहळू चमक आली. "बिजागऱ्यांचे साधारण तीन प्रकार येतात. कड्यांचे तर…"

"फाटक नको," काकू म्हणाल्या.

"अगं, पण शेळी?"

काकूंनी खुर्ची उचलली आणि गाडीच्या चाकांच्या खुणा सोडून, जरा बाजूला, शिंपीकाकांच्या दारासमोर येईल अशी ठेवली.

"दहा ते सहा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सवय आहे."

साहेब खुर्चीपर्यंत गेले, बसले आणि गल्लीपलीकडे पाहिलं. शेळी दारात येऊन उभी होती. त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला आणि मान मागे वळवून अगदी अदबीनं विचारलं, "रविवारी सुट्टी आहे ना?"

काकू नवी माती चाळायला बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"शेळीला विचारा," त्या म्हणाल्या.